अकरा बाय सातचे तळे

९ जानेवारी १९७२

ही डायरी पंपाच्या कंपनीकडून आली. दर वर्षी दुकानात एक येते आणि दर वर्षी ती चंचल घेऊन जायची. या वर्षी आठ दिवस टेबलावर पडून होती. कोणी मागितली नाही. आज पहिल्या पानावर मीच नाव घातले. इंदरचंद, पाइप व मोटरपंपांचे दुकान, जळगाव.

घरात आम्ही मारवाडी बोलतो, पण शाळा मराठी झाली, म्हणून लिहायला मराठीच येते. काय लिहायचे ते ठरवलेले नाही.

चंचलला जाऊन चार महिने झाले. कावीळ झाली होती. अठरा वर्षे पुरी होती. आता घरात मी आणि ही.

१६ जानेवारी

चंचलच्या कपाटात गेल्या वर्षीची डायरी सापडली. कॉलेजच्या नोंदी आहेत. एप्रिलच्या पानांवर आमच्या मागच्या अंगणाचा नकाशा काढला आहे. शिंप्याच्या फितीने मापे घेतलेली दिसतात. "न्हाणीच्या कोपऱ्यापासून आडापर्यंत ११ फूट. धुण्याच्या दगडापासून जवरीलालकाकांच्या भिंतीपर्यंत ७ फूट. तळे काजूच्या आकाराचे, म्हणजे कोपरे वाया जाणार नाहीत. खोली अडीच फूट. धबधबा भिंतीला टेकवायचा नाही, एक वीत सोडायची, नाहीतर काका ओरडतील. पाणी वर चढवायला बाबूजींच्या दुकानातला लहान पंप. धबधबा खिडकीसमोरच हवा. बाईला चुलीपाशी बसून आवाज आला पाहिजे."

आईला ती बाई म्हणायची.

हे सगळे मला ती एकदा बोलली होती. सत्तर साली पावसाळ्यानंतर आम्ही तिघे मनुदेवीला गेलो होतो. तिथल्या धबधब्यासमोर ही बसली ती उठेचना. डबा तिथेच खाल्ला. परत येताना एस.टी.त म्हणाली, "हा आवाज घरी नेता आला असता तर." पोरीने ते धरून ठेवले. पुढच्या उन्हाळ्यात नकाशा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी म्हणालो, "पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव असतात. आपण पाणी गाळून पितो, आणि तू ते शोभेसाठी उधळायचं म्हणतेस?" तिने डायरी मिटली. पुन्हा विषय काढला नाही. सप्टेंबरात गेली.

२३ जानेवारी

पोलादी टेपने मोजले. अकरा फूट बरोबर आहे. सात फूट म्हणते ते सहा फूट दहा इंच भरते. फीत सैल पडली असावी.

२ फेब्रुवारी

हिला सांगितले. तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, चंचलने काढले होते तसे तळे मागे करतो. पाच सप्टेंबरला वर्ष होईल, तोवर पाणी चालू झाले पाहिजे. ही "हं" म्हणाली आणि सूप झटकले. नाही म्हणाली नाही.

पाच महिने ती कामापुरतेच बोलते. खिडकीसमोर पाणी पडू लागले तर दोन शब्द बोलेल. मला दुसरे काही सुचत नाही.

१९ फेब्रुवारी

हिलाल मिस्तरी आला. मूळचा साक्रीकडचा, इकडे दहा वर्षे बांधकाम करतो. नकाशा उलटा सुलटा करून पाहिला.

"शेठ, हाई तळं शे का हौद?"

"तळं."

"मंग म्हशी कोठे बसतीन?"

त्याचे त्यालाच हसू आले. मी हसलो नाही म्हणून मग खडूने आखू लागला. काजूचा आकार त्याला पटला. चौकोनी केले असते तर धुण्याच्या दगडाकडे जायला वाट उरली नसती, असे म्हणाला. हे पोरीने आधीच धरले होते, हे मी त्याला सांगितले नाही.

भिंतीवरून जवरीलालचे डोके वर आले. आमची दुकाने शेजारी, घरे शेजारी. घरात तो आणि त्याची बायको सुगनबाई.

"इंदरभाऊ, तिकीट किती ठेवणार?"

"अजून ठरलं नाही."

"माझ्या भिंतीला ओल आली तर सांगून ठेवतो, सुगनबाईला आणि बिछाने घेऊन तुमच्याकडे राहायला येईन."

मी म्हणालो, एक वीत सोडली आहे.

१२ मार्च

खणायला लागून पाच दिवस झाले. फूटभर काळी माती, खाली मुरूम. अडचण मातीची नाही, माती न्यायची आहे. मागच्या अंगणाला बाहेरून वाट नाही. प्रत्येक घमेले स्वयंपाकघरातून, ओसरीवरून, पुढच्या दाराने रस्त्यावर न्यावे लागते. ही स्वयंपाकघरातच कटासन टाकून सामायिकाला, जपाला बसते. ती बसली की अठ्ठेचाळीस मिनिटे कोणी तिथून जायचे नाही. तेवढा वेळ माणसे अंगणात बिड्या ओढत बसतात. पूर्वी दिवसाला एक सामायिक व्हायचे, आता तीन होतात. हिलाल म्हणाला, अशाने पावसाळा गाठेल. मी म्हणालो, बाईंना काही बोलू नका.

११ एप्रिल

तळ घातला. एकास चारचा माल, वर निरू, म्हणजे नुसत्या सिमेंटचा लेप. हिने हिरवी भाजी सोडली. आता वरण, भात, पापड, मेथीदाणे. उन्हाळ्यात भाजी चांगली मिळतही नाही.

३ मे

ही ओसरीवर जमिनीवर झोपू लागली, चटईसुद्धा नको म्हणते. उकाडा फार आहे.

१८ मे

गिलावा झाला. आता पंधरा दिवस त्यावर पाणी मारायचे. आडाचे पाणी खाली गेले आहे. दोर सहा हात वाढवला.

पाण्याचा विचार मी नीट केला आहे. तळ्यात जाणारे प्रत्येक हंडाभर पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घालणार. फडक्यावर राहते ती जिवाणी परत आडात सोडणार, घरात पिण्याच्या पाण्याचे करतो तसेच. म्हणजे तळ्यातल्या पाण्यात काही असणारच नाही. मग त्याला फिरवले तरी तेवढा दोष नाही. हे हिला सांगितले. ही म्हणाली, "पाणी राहिलं की त्यात होतंच." मी म्हणालो, गाळलेल्यात कसे होईल? ती चुलीकडे वळली. मला वाटते पटले असावे.

२० जून

आज पंप चालू केला. अर्ध्या घोड्याचा, एक इंची पाइप. पाणी चार फूट वर चढले, वरच्या कुंडीत भरले आणि कडेच्या फरशीवरून खाली पडले. हिलालने टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघराकडे पाहत होतो.

दोन मिनिटांनी ही बाहेर आली. पदराला हात पुसत न्हाणीकडे गेली. तिथून परत आली.

"नळ चालू राहिला आहे कुठेतरी," ती म्हणाली.

"नळ नाही. धबधबा आहे."

तिने पाहिले. बराच वेळ पाहिले. मग "अच्छा" म्हणून आत गेली. शिंतोडे उडत होते. ते अंगावर येऊ नयेत म्हणून भिंतीला धरून गेली.

हिलाल म्हणाला, "शेठ, दगड सपाट शे, म्हनीसन असा आवाज येस. आमना साक्रीकडला नालामा असा दगड नही ऱ्हातस. मी तठला दगड लई येसू."

मी पंप बंद केला. नळासारखाच येत होता आवाज. तिचे चुकले नाही.

९ जुलै

पाऊस नाही. नक्षत्रे कोरडी चालली आहेत. दुकानात शेतकरी येतात ते नवीन पंप मागायला नाही, आहे तो आणखी खाली उतरवायला पाइप मागतात.

२६ जुलै

चातुर्मासासाठी जैन स्थानकात महासतीजींचे चार ठाणे, म्हणजे चार साध्वी, आले आहेत. ही सकाळच्या प्रवचनाला जाऊ लागली. दुपारीही जाते. इतक्या महिन्यांनी ती आपण होऊन घराबाहेर पडली. मला बरे वाटले. तब्येत सुधारते आहे.

आज एक गंमत झाली. महासतीजी गोचरीला, म्हणजे भिक्षेला, आमच्या गल्लीत आल्या. त्या सांगून येत नाहीत. जवरीलालकडे सुगनबाई कच्च्या पाण्याने भांडी विसळत होत्या, तशाच ओल्या हाताने धावत दारात आल्या आणि "पधारो, पधारो" करू लागल्या. न उकळलेल्या पाण्याचा हात असेल तर त्या हातचे महासतीजी घेत नाहीत. पुसून चालत नाही. "दया पाळो" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. घरात दुसरे कोणी नव्हते. सुगनबाई रडत बसल्या, आणि नंतर जेवायला घरी आलेल्या जवरीलालचे भिंतीपलीकडून ऐकू येत होते, "चाळीस वर्षं झाली भांडी घासतेस, आजच एवढा उत्साह कुठून आला?"

मी हिला हे रंगवून सांगितले. ही हसली नाही. म्हणाली, "बिचारी." मग आमच्याकडे त्या आल्या तेव्हा काय काय वाढले ते सांगत बसली. दोन पोळ्या आणि उकळलेले पाणी. एवढेच, पण दहा मिनिटे बोलत होती. मी घड्याळ पाहिले होते.

४ ऑगस्ट

ही आता उकळलेलेच पाणी पिते. कच्च्या पाण्याला हातसुद्धा लावायचा नाही असे नियम घेतले आहेत. भांड्यांना बाई लावली. काविळीच्या घरात उकळलेले पाणी चांगलेच.

१३ ऑगस्ट

हिलालने साक्रीहून दगड आणले. दोन काळे, एक तांबूस, मध्ये खोलगट. ट्रकमध्ये जागा नव्हती म्हणून मांडीवर घेऊन बसला होता. मी विचारले, गावाकडे काय आहे? म्हणाला, "बठ्ठं गाव खडी फोडाले जाई ऱ्हायनं." सगळे गाव दुष्काळी कामावर. मग दगड बसवू लागला. पाणी आता तीन टप्प्यांनी पडते. पहिल्या दगडावर पसरते, दुसऱ्यावर अडते, तिसऱ्याखालून तळ्यात शिरते. अर्धा दिवस हिलाल एकेक दगड सूतभर तिरका करत होता आणि मी चुलीपाशी, हिच्या जागेवर बसून ऐकत होतो. शेवटी पाच वाजता आवाज आला. मनुदेवीचा.

ही स्थानकात होती. आली तेव्हा वीज गेली होती.

२४ ऑगस्ट

तळ्याच्या कडेला हिरवे धरले आहे. पाण्यात वळवळ दिसते. प्रत्येक थेंब मी गाळून घातला होता. एक बेडूक कोठून आला कोण जाणे, चारी बाजूंनी घरे आहेत.

नगरपालिकेचा मलेरियाचा माणूस येऊन गेला. म्हणाला, तेल टाकतो नाहीतर मासे सोडतो, मासे सगळं खाऊन टाकतील. मी दोन्ही नको म्हटले. म्हणाला, मग पाणी काढून टाका. मी म्हणालो, ते कसे काढणार, त्यात जीव आहेत. त्याने भिंतीवर खडूने काहीतरी लिहिले आणि गेला.

५ सप्टेंबर

वर्ष झाले.

सकाळी पंप लावला. मी खिडकीतून पाहत होतो. तळे तिने काढले होते तसेच झाले आहे, दोन इंच कमी.

आजपासूनच पर्युषण लागले. हिने आठ दिवसांचे उपवास धरले. पहाटेच स्थानकात गेली, संध्याकाळी आली. चूल पेटलीच नाही. पंप दिवसभर चालवला. दुपारी बंद करणार होतो, पण मग म्हटले राहू दे.

१३ सप्टेंबर

काल संवत्सरी झाली. प्रतिक्रमणानंतर सगळ्यांनी एकमेकांना खमावले. जवरीलालने माझ्यापुढे हात जोडले आणि म्हणाला, "तळ्यावरून जे जे बोललो ते माफ करा. उद्यापासून पुन्हा बोलेन."

आज हिचे पारणे होते. मुगाचे पाणी मी वाटीने पाजले. आठ दिवसांनी तोंड अगदी लहान झाले आहे. वाटी खाली ठेवल्यावर म्हणाली, "तुमची आज्ञा पाहिजे."

"कशाची?"

"महासतीजींबरोबर जायची."

मला वाटले तीर्थयात्रा असेल. म्हणालो, "किती दिवस?"

तिने माझ्याकडे पाहिले. चंचल काही वेड्यासारखे विचारायची तेव्हा पाहायची तसे. "दिवस नाहीत," म्हणाली.

मग समजले. दीक्षा. घरच्यांनी लिहून दिल्याशिवाय दीक्षा देत नाहीत. नवऱ्याची सही लागते.

मी म्हणालो, "हे तळं मी तुझ्यासाठी केलं."

"माहीत आहे."

"तुला तो आवाज आवडला होता."

"आवडला होता."

"मग?"

"तुम्ही चंचलला म्हणाला होतात, एका थेंबात असंख्य जीव असतात. मी चुलीपाशी ऐकत होते. त्या दिवशी तुमचा फार राग आला. पोर गेल्यावर आणखी आला. आता वाटतं, तुम्ही बरोबर बोलला होतात."

मी दुकानात गेलो. दिवसभर काय केले आठवत नाही.

२ ऑक्टोबर

धुळ्याहून माझी थोरली बहीण जतनबाई आली. हिला समजावायला बोलावली होती. दोघी दोन तास आत होत्या. बाहेर आली ती माझ्यावरच बरसली.

"हिरवी भाजी कधीपासून खात नाही ही?"

"उन्हाळ्यापासून."

"जमिनीवर कधीपासून झोपते?"

"उकाडा होता, अक्का."

"आता ऑक्टोबर आहे! आणि तू काय करत होतास?"

मी मागच्या दाराकडे पाहिले. तीही पाहू लागली. मग डोक्याला हात लावून ओट्यावर बसली. "सही करू नकोस, भाऊ," म्हणाली. "तू नाही म्हटलंस तर ती जाणार नाही. मला तसं म्हणाली."

ती गेल्यावर ही डायरी उघडली. अकरा एप्रिल, तीन मे, चार ऑगस्ट. सगळे लिहिलेले आहे. मीच लिहिले आहे.

१९ ऑक्टोबर

सही केली नाही. तिने पुन्हा विचारले नाही. सगळे काम नेहमीसारखे करते. मला वाढताना ताटाकडे लक्ष असते, मीठ विसरत नाही. नाही म्हटले तर अशीच राहील. वीस वर्षे, पंचवीस वर्षे.

मला ते चालेल. हे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

५ नोव्हेंबर

दिवाळी. दिवे लावले नाहीत. यंदा गावातही फार लागले नाहीत.

सूर्य मावळायच्या आधी ही दूध तापवत होती. मला काय वाटले, मी मागे जाऊन पंप लावला. आडात पाणी कमी आहे, पण तळ्यातलेच वर जाते आणि खाली येते. तीन दगडांवरून पाणी उतरू लागले. आवाज चांगला येत होता. मी अंगणातून खिडकीत पाहिले.

ती ऐकत होती. हातात सांडशी होती. डोळे मिटले नव्हते, पण कुठे पाहत नव्हती. मनुदेवीला बसली होती तशी. मी हललो नाही. दूध वर आले, कडेवरून उतू गेले, चुलीत पडले, वास सुटला, तरी तिला समजले नाही. हिच्या हातून दूध उतू गेलेले मी लग्नापासून पाहिले नव्हते.

मला वाटले, झाले. आता जाणार नाही.

मग ती खिडकीशी आली. गालावर पाणी होते. "बंद करा," म्हणाली.

"का? चांगला येतो आवाज."

"म्हणून तर. ऐकत राहावंसं वाटतं."

मी बटण बंद केले. पाणी थांबायला थोडा वेळ लागतो. वरच्या कुंडीतले सगळे उतरेपर्यंत ती उभी होती.

६ नोव्हेंबर

आज्ञापत्र लिहून दिले. मजकूर त्यांनी दिला होता, मी आपल्या हाताने उतरवला. "माझी पत्नी सौ. प्रेमकुंवर हिला मी राजीखुशीने" इथपर्यंत एकदम लिहिले. हिचे नाव मी लग्नात घेतले होते, त्यानंतर आजच लिहिले. अक्षर बरे आले.

१९ फेब्रुवारी १९७३

या वर्षीची डायरी कंपनीने पाठवली नाही. दुष्काळात त्यांचाही धंदा बसला असेल. या डायरीत कोरी पाने पुष्कळ आहेत, छापील तारखा खोडून लिहितो.

काल दीक्षा झाली. माणसे खूप होती. केस उतरवले तेव्हा मी जतनबाईच्या मागे उभा होतो. तिला नवीन नाव दिले. ते मला अजून म्हणता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तिने किल्ल्या दिल्या. मसाल्याचे डबे दाखवले. मागच्या दारात उभी राहून म्हणाली, "पंप लावू नका. पण पाणी सोडूनही देऊ नका. आटू देऊ नका. आता त्यात जीव आहेत, ते आपण आणले."

मी हो म्हटले.

२२ मार्च

रोज सकाळी एक तपेले पाणी उकळून ठेवतो. मला लागते म्हणून नाही. महासतीजी विहार करत कधी इकडे आल्या, तर सांगून येणार नाहीत. संध्याकाळी ते पाणी मी पितो. दोन पोळ्याही जास्त करतो. अजून गोल होत नाहीत.

१५ एप्रिल

आड आटला. तळाला चिखल आहे. नळ चार दिवसांआड. तळे रोज दोन बोटे खाली जाते, ऊन थेट पडते. बेडूक आता पाच आहेत. बाकीचे मोजता येत नाहीत.

टँकरचे तीन हंडे मिळतात. एक मला पुरतो. दोन गाळून तळ्यात घालतो. जवरीलालने पाहिले.

"इंदरभाऊ, माणसं रांगेत भांडतात आणि तुम्ही बेडकांना पाजता?"

"मग काय करू?"

"मला काय विचारता. मरू द्या म्हणायला माझीही जीभ वळत नाही." थोड्या वेळाने त्याने भिंतीवरून अर्धी बादली दिली. "गाळलेलं आहे," म्हणाला. "आणि एक सांगतो, माझ्या भिंतीला ओल आली नाही. हिलालने काम चांगलं केलं."

६ मे

जवरीलाल सांगत आला, महासतीजी नशिराबादला आल्या आहेत. चौघी. त्यात आमच्या आहेत. दोन तीन दिवसांत जळगावला येतील, मग पिंप्राळ्याकडून पुढे.

ओसरी पुसून घेतली. ठरवले आहे की तळ्याचे काम उजाडायच्या आत करायचे आणि मग दुपारपर्यंत कच्च्या पाण्याला हात लावायचा नाही. त्यांची वेळ दहा ते बारा.

८ मे

आज आल्या नाहीत. पोळ्या जरा बऱ्या झाल्या होत्या. टँकर दोन दिवस नाही. तळ्यात चार बोटे पाणी उरले. बेडूक दगडाखालच्या खळग्यात एकावर एक बसले आहेत.

९ मे

सकाळी जवरीलालने सांगितले की नशिराबादकरांनी आग्रह करून आजचा दिवस ठेवून घेतले. म्हणजे उद्या.

साडेदहाला टँकर आला. तळ्याच्या मधल्या भागात नुसती वळवळ दिसत होती, ऊन चढले होते. उद्याच येणार म्हणून मी हंडा घेऊन धावलो. नंबर लवकर लागला. हंडा आणला, फडके बांधले, गाळू लागलो. हात कोपरापर्यंत भिजले होते. अर्धा हंडा झाला तेव्हा पुढच्या दारात आवाज आला.

मी तसाच ओसरीवर गेलो.

मोठ्या महासतीजी पुढे होत्या. ती मागे होती. तोंडावर मुहपत्ती, म्हणून डोळेच दिसले. पाय उन्हाने काळे पडले आहेत. झोळी आणि पात्रे तिच्याच हातात होती.

मी "पधारो" म्हणालो. म्हणताना हात जोडले. हातांतून पाणी ओसरीवर गळले.

तिने माझ्या हातांकडे पाहिले. मग माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघरातून मागे पाहिले. दोन्ही दारे उघडी होती, तिथून तळ्याची कड दिसते, आणि कडेला तो हंडा. सगळे तिला समजले असणार. गोचरीला आल्यावर आपण होऊन काही सुचवायची त्यांना मुभा नसते.

चुलीवर तपेले झाकून ठेवले होते. पोळ्या फडक्यात होत्या. घरात दुसरे कोणी नाही.

मोठ्या महासतीजी म्हणाल्या, "दया पाळो."

त्या वळल्या. ती जराशी थांबली, मग तीही वळली. भिंतीपलीकडे सुगनबाईंचा आवाज आला, "पधारो, पधारो." त्यांचे हात कोरडे असावेत.

मी हात धोतराला पुसले. मग मागे गेलो. अर्धा हंडा उरला होता. तो गाळून तळ्यात घातला. आडात पाणी नाही, म्हणून फडकेही तळ्यातच झटकले.